आधी दरी, मग कुस्को

पेरूला सहकुटुंब जायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती विमानाच्या भाड्याची आणि सुट्टीच्या दिवसांची. नातवंडे आणि आजी-आजोबा एकत्र निघणार असतील, तर मात्र बेत आखताना आधी समुद्रसपाटीपासूनची उंची पाहावी. लिमा समुद्रकाठी आहे. तिथून निघालेले विमान दीड तासाच्या आत कुस्कोला उतरते. कुस्को सुमारे 3,400 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. तिथली हवा इतकी विरळ की एका श्वासात समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. तरीही अनेक कार्यक्रमांत पहिला मुक्काम कुस्कोत, लगेच शहरदर्शन आणि मग माचू पिक्चू असा क्रम असतो. हा क्रम उलटा आहे. माचू पिक्चूची उंची 2,430 मीटर, म्हणजे ते कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली आहे. सगळ्यात कठीण मुक्काम पहिल्याच रात्री, तोही लांबच्या प्रवासाने थकलेल्या शरीरावर लादण्याचे कारण नाही.

कुस्कोच्या विमानतळावरून गाडीने थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरता येते. उरुबांबा आणि ओयान्तायताम्बो ही गावे 2,800-2,900 मीटरच्या आसपास आहेत. ही उंचीही कमी नव्हे, त्यामुळे पहिला दिवस विश्रांतीचाच हवा. पण शरीराला त्रास होतो तो मुख्यतः झोपायच्या जागेच्या उंचीचा, आणि इथे पाच-सहाशे मीटरचा फरक मोलाचा ठरतो. ओयान्तायताम्बोत इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत आजही लोक राहतात, दगडी पाटांतून पाणी खेळते, समोरच्या डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत. मुलांना इतिहास पायाखाली दिसावा असे ठिकाण याहून चांगले सापडणे अवघड. माचू पिक्चूच्या पायथ्याच्या गावी जाणारी रेल्वेही इथूनच मिळते. त्या गावापर्यंत मोटाररस्ता नाहीच. दोन-तीन रात्री खोऱ्यात, मग माचू पिक्चू आणि शेवटी कुस्को, असे केले तर एकही ठिकाण सुटत नाही. कोरिकांचाचे मंदिर आणि साक्सायवामानच्या अजस्र शिळा सरावलेल्या फुप्फुसांनी निवांत पाहता येतात.

‘आम्ही लेहला जाऊन आलो, काही झाले नाही,’ असे यावर हमखास सांगितले जाते. लेहही साधारण तेवढ्याच उंचीवर आहे. पण तिथे शरीराने कमावलेला सराव काही आठवड्यांत ओसरतो, आणि जाणत्या सहली लेहलाही सुरुवातीचे दिवस आरामाचेच ठेवतात. धडधाकट असणे हे काही कवच नव्हे. विरळ हवेचा त्रास तरुणांनाही होतो. लहान मुलाला तर डोके दुखते हेही सांगता येत नाही. ते किरकिर करते, जेवत नाही, उलटी करते, आणि घरचे त्याचा दोष प्रवासाला देतात. त्रास वाढत असेल तर खाली उतरणे हाच खरा उपाय. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा मिळतो, पण त्याच्या भरवशावर चढू नये. ती पाने सोबत भारतात आणणे हा तर गुन्हाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढा खर्च करून जायचे, पुन्हा कधी जाणार, मग सगळे का पाहू नये? खर्चाचा विचार करूनच सांगतो की तितिकाका सरोवर (3,800 मीटर) आणि विनिकुंकाचा रंगीत डोंगर (5,000 मीटरच्या वर) या सहलीतून वगळावेत. माचू पिक्चूत रोज किती जणांना सोडायचे याला मर्यादा आहे. तिकीट ठरावीक तारखेचे, ठरावीक वेळेचे आणि पासपोर्टवरच्या नावाचे असते. एक जण आजारी पडला की त्याच्याजवळ दुसरा थांबतो, आणि ज्यासाठी अर्धे जग ओलांडले तेच दोघांचे हुकते. पेरूचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस झोपही धड लागत नाही. अशा वेळी ठिकाणांची संख्या वाढवणे ही काटकसर नव्हे.

मोसमाच्या बाबतीत आपले नशीब चांगले आहे. मे महिन्याची सुट्टी अँडीजमधल्या कोरड्या हवामानाच्या सुरुवातीला येते. दिवस स्वच्छ, रात्री मात्र कडाक्याच्या थंड. लसीकडे मात्र वेळीच लक्ष द्यायला हवे. भारताच्या यादीत पेरू पीतज्वराचा धोका असलेला देश आहे, त्यामुळे परतताना लसीचे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, आणि साठीपुढच्यांना ही लस द्यावी की नाही हे डॉक्टरांना तब्येत पाहून ठरवावे लागते. म्हणून आजी-आजोबांची डॉक्टरभेट विमानाची तिकिटे काढण्याआधी व्हायला हवी. उंचीवरच्या त्रासासाठी गोळी घ्यावी का, रक्तदाबाच्या औषधांचे काय करावे, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.