फ्लॅशचा रुसवा

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा तो छोटा पॉप-अप फ्लॅश म्हणजे एक नंबरचा लहरी प्राणी. नको तेव्हा टुणकन उडी मारून वर येणार आणि हवा तेव्हा ढिम्म हलणार नाही. सेकंडहँड डीएसएलआर घेणारे, नाहीतर घरातला जुना कॅमेरा कपाटातून बाहेर काढणारे सध्या आपल्यात बरेच आहेत. त्यामुळे लंच टाइममध्ये हमखास कुणीतरी माझ्यासमोर कॅमेरा ठेवतं आणि म्हणतं, "अरे, याचा फ्लॅश गेलाय वाटतं."

माझं उत्तर ठरलेलं असतं. गेला नसेल, रुसला असेल. या दोन्हींत काही हजार रुपयांचा फरक आहे, म्हणून आज त्याच्यावरच बोलू.

निदान डोळ्यांनी नाही, कानांनी करायचं. टीव्ही बंद करा, मोड डायल 'पी'वर आणा आणि विजेचं चिन्ह असलेलं बटण दाबून नीट ऐका. (काही नव्या मॉडेल्समध्ये फ्लॅश चक्क बोटानेच उचलायचा असतो. तिथे बटण शोधत बसू नका.) 'पी'च का? तर लँडस्केप, स्पोर्ट्स आणि 'फ्लॅश ऑफ' हे मोड फ्लॅशला बाहेर येऊच देत नाहीत. आणि ऑटोमध्ये फ्लॅश कधी हवा हे कॅमेरा ठरवतो, तुम्ही नाही. नुसता मोड बदलून 'दुरुस्त' झालेले कॅमेरे मी कितीतरी पाहिलेत.

'टिक' असा बारीक आवाज आला, पण फ्लॅश वर आला नाही, तर कॅमेऱ्याने हुकूम सोडलाय आणि खिटी अडकलीय. बिजागरीत वाळू, गुलाल किंवा नुसती धूळ असते. गोव्याची ट्रिप किंवा विसर्जन मिरवणूक करून आलेल्या कॅमेऱ्यांचा हा नेहमीचा आजार. कॅननमध्ये अशा वेळी पडद्यावर 'एरर ०५' झळकतो, म्हणजे फ्लॅश उचलायचा प्रयत्न केला पण उचलला गेला नाही. कॅमेरा बंद करा, मऊ ब्रश आणि रबरी ब्लोअरने फट साफ करा, मग परत चालू करून एका हाताने बटण दाबा आणि दुसऱ्या हाताच्या नखाने फ्लॅशच्या कडेला हलकासा आधार द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतो. स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा नाही आणि तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे कण आत जातात.

आवाजच आला नाही, तर गोष्ट खरी इंटरेस्टिंग होते. आमच्या अकाउंट्समधल्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्याचं तेच झालं होतं. आजीचं सहस्रचंद्रदर्शन रविवारी, आणि ही गुरुवारी कॅमेरा घेऊन माझ्या डेस्कपाशी हजर. कॅमेरा तिच्या बाबांचा. ते गेल्यापासून कपाटात पडून होता.

"मोबाइलवर काढ ना," मी म्हटलं.

"नाही रे. घरातल्या प्रत्येक कार्याचे फोटो याच कॅमेऱ्याने निघालेत. आजीने स्वतः विचारलं, त्याचा कॅमेरा आणशील ना म्हणून."

यावर काय बोलणार? एका दुकानात तिला फ्लॅश युनिट बदलायचे चार हजार सांगितले होते, तेही दोन आठवड्यांनी. मी बटण दाबलं. आवाज शून्य. मेनूत गेलो तर बिल्ट-इन फ्लॅशची सेटिंग्ज उघडेनात, आणि बाहेरच्या फ्लॅशच्या मेनूत म्हणे जोडलेला फ्लॅश बंद आहे किंवा या कॅमेऱ्याशी जुळत नाही. आता बाहेरचा फ्लॅश तर जोडलेलाच नव्हता!

इथेच सगळी गोम आहे. कॅमेऱ्याच्या माथ्यावर मोठा फ्लॅश सरकवायची जी धातूची खाच असते, ती हॉट-शू. तिच्या पट्टीच्या आत, बऱ्याच मॉडेल्समध्ये एका कडेला, ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक स्विच असतो. मोठा फ्लॅश सरकवला की तो दाबला जातो आणि कॅमेऱ्याला कळतं की वर पाहुणा आलाय, आता घरच्या फ्लॅशने खालीच बसायचं. कारण दोघं एकदम उठले तर डोक्याला डोकं आपटेल. आयडिया उत्तम आहे, पण स्विच दाबलेल्या अवस्थेतच अडकला तर कॅमेऱ्याच्या लेखी पाहुणा कायमचा मुक्कामाला! मग बटण कितीही दाबा, तो ऐकणार नाही. आपल्याकडचा दमट पावसाळा, घाम, हळदीची पूड, यातलं काहीही त्या स्विचला चिकटायला पुरतं.

मी तिला विचारलं, "इथे कधी काही लावलेलं असायचं का?"

"बाबांनी ती हिरवी काचेची ठोकळी बसवली होती ना, बुडबुड्याची. मी परवाच साफ करताना काढली."

म्हणजे बबल लेव्हल, गवंड्याच्या पाणसळीची धाकटी बहीण. फोटोतलं क्षितिज तिरकं येऊ नये म्हणून हौशी लोक ती हॉट-शूमध्ये बसवतात. बाबांनी बसवली ती काही वर्षं तिथेच राहिली आणि एवढा काळ तो स्विच दाबलेलाच होता. "बाबा म्हणायचे फ्लॅश बिघडलाय, जाऊ दे," ती म्हणाली. घरातल्या शेवटच्या चार-पाच वर्षांच्या फोटोंत रात्रीचे सगळे फोटो दाणेदार आणि अंधारलेले होते, ते का, हे तिला त्या क्षणी कळलं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही.

उपाय दहा मिनिटांचा. कॅमेरा बंद, बॅटरी बाहेर. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात दोन्ही पट्ट्यांच्या आत डोकावलं तर एका बाजूचा स्विच खाली रुतलेला दिसत होता. लाकडी टूथपिकच्या टोकाने त्याला हळूच दोन-तीनदा हलवलं. धातूचं काहीही नको, पिन तर अजिबात नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, तोही ब्रशवर, थेट खाचेत नाही. पूर्ण वाळू दिलं. गंज सोडवायचा स्प्रे काहीजण मारतात, तो प्लीज मारू नका, त्याचं तेल आत पसरतं. मग कुणाचा तरी जुना फ्लॅश खाचेत आठ-दहा वेळा आत-बाहेर सरकवला. बॅटरी घातली, बटण दाबलं. टिक! आणि साहेब टुणकन वर. शेजारच्या क्युबिकलमधून टाळ्या आल्या, ते सोडा.

आता फ्लॅश वर येतो पण उडत नाही, अशी तक्रार असेल तर ती वेगळी. आधी मेनूत 'फ्लॅश फायरिंग' डिसेबल आहे का बघा. मग बॅटरी. फ्लॅश चार्ज व्हायला चांगलाच करंट लागतो, त्यामुळे अर्धमेल्या बॅटरीवर फोटो निघतात पण फ्लॅश नाही. एका मागोमाग खूप फ्लॅश मारले असतील तर गरम होऊन तो थोडा वेळ संपावर जातो. त्याला थंड होऊ द्या. आणि फोटोच्या तळाशी अर्धगोल काळी सावली येत असेल तर तो बिघाड नव्हेच. लेन्सचं हुड काढा, गायब होईल.

यातल्या कशानेही काम झालं नाही, तर तिथेच थांबायचं. व्हिडिओ बघून कॅमेरा उघडायचा नाही, हे मी अगदी हात जोडून सांगतो. फ्लॅशच्या झेनॉन नळीला पेटवायला आत जो कपॅसिटर असतो, त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, आणि बॅटरी काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. घरातल्या प्लगमध्ये २३० असतात, यावरून काय ते समजा. तो झटका म्हणजे गंमत नाही. हे काम कपॅसिटर रिकामा करता येणाऱ्या मेकॅनिकचं.

मैत्रिणीला मी जाता जाता आणखी एक सांगितलं, ते तुम्हालाही. या चिमुकल्या फ्लॅशकडून फार अपेक्षा नकोत. त्याचा गाइड नंबर मॉडेलनुसार साधारण ७ ते १३. १२ धरला तर आयएसओ १०० आणि एफ ४ वर उजेड पोचतो ३ मीटरपर्यंत, बस्स. आयएसओ ४०० केला की ६ मीटर. हॉलच्या मागच्या खुर्चीवरून स्टेजवरच्या आजीवर फ्लॅश मारणं म्हणजे विहिरीत काडी पेटवणं. आणि औक्षणाच्या वेळी ऑटोवर ठेवला तर आजींचा चेहरा पांढराफटक आणि दिव्यांचा सोनेरी उजेड गायब. तिथे 'एम' मोड, शटर १/३० सेकंद, आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर शक्य तेवढं मोठं आणि फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे १. दिवे दिव्यांसारखे दिसतात आणि सुरकुत्याही हसतात. सोमवारी तिने दाखवलेल्या फोटोंत एकाही दिव्याची ज्योत विझलेली नव्हती.

१९७५ साली कोनिकाने सी३५ ईएफमध्ये कॅमेऱ्यातच फ्लॅश बसवला, तेव्हा ती मोठी क्रांती होती. आता उलटं चाललंय. निकॉनच्या डी८५० मध्ये २०१७ सालीच तो नव्हता आणि महागड्या मिररलेसमध्ये तो शोधूनही सापडत नाही. म्हणून जुना डीएसएलआर घ्यायला बोरा बाजारात किंवा कुणा अनोळखी माणसाच्या घरी जाल तेव्हा लेन्सची काच नंतर बघा. आधी हॉट-शूमध्ये टॉर्च मारा, 'पी'वर आणून बटण दाबा, टिक ऐका, लागोपाठ तीन फ्लॅश मारा. आणि विकणारा म्हणाला "फ्लॅश गेलाय, म्हणून हजार कमी घेतो," तर चेहरा पडल्यासारखा करून ते हजार कमी करून घ्या. टूथपिक घरी असतेच.