आधी डबा शोधा, मग नट सोडा!

दोस्तांनो, घरी मोटार असेल तर येत्या रविवारी आई-बाबांना बॉनेट उघडायला सांगा. डिपस्टिक ओढून काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा आत घालून बाहेर काढा. टोकाशी दोन खुणा दिसतील. तेल त्यांच्या मध्ये हवं. गाडी मात्र सपाट जागेवर हवी, आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत.

तेल काळं दिसलं की लगेच नाक मुरडू नका हं! इंजिनातली काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. ते बदलायचं कधी, हे गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही हिशेबांत दिलेलं असतं. जे आधी भरेल ते धरायचं.

जुनी रीत अशी : इंजिन कोमट करायचं म्हणजे तेल पातळ होतं, मग खाली घमेलं ठेवून चेंबरचा नट सोडायचा. तेलाबरोबर तळचा गाळही येतो. पण त्यासाठी गाडीखाली शिरावं लागतं, आणि खरा धोका तिथेच आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, अगदी बाबांनीसुद्धा! जॅक घसरतो. पक्के स्टँड नसतील तर हा बेतच सोडा आणि गॅरेज गाठा.

दुसरी रीत मला जास्त आवडते. डिपस्टिकच्या जागेतून बारीक नळी आत सोडायची आणि पंपानं तेल ओढून घ्यायचं. काही गाड्यांत नळी तळाला पोचत नाही, थोडं जुनं तेल आत राहतं. शिवाय फिल्टर खालच्या बाजूला असला, तर गाडीखाली जाणं काही चुकत नाही.

फिल्टरवरून आठवलं. पहिल्यांदा मी तो बदलला, तेव्हा जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. मी न बघता नवा बसवला. गाडी सुरू केली आणि अंगणात तेलाचं तळं! आता जुना फिल्टर उलटा करून रिंग आली का, ते आधी पाहतो. नव्या रिंगला तेलाचं बोट लावायचं आणि फिल्टर हातानंच आवळायचा.

तुमचं काम काय? हातमोजे घालून नरसाळं धरायचं, आणि शेवटी डिपस्टिक पुन्हा वाचायची. तेल कमी वाईट, तसं जास्तही वाईटच.

आणि ते काळं तेल? गटारात नाही, आंब्याच्या बुंध्याशी नाही. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, तेही नको. पावसाबरोबर ते मातीत उतरतं. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात ‘जुनं तेल’ लिहा आणि ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना विचारा, ‘तुमच्याकडचं तेल न्यायला परवानाधारक माणूस येतो का? आमचंही त्यात घ्याल?’ हे विचारायचं नट सोडायच्या आधी, बरं का!