झिजलेल्या ॲक्सलचे अर्थशास्त्र

अमेरिकेत घरामागच्या हिरवळीवर गवत कापणारा, हिवाळ्यात बर्फ ढकलणारा आणि प्रसंगी लहानसा नांगर ओढणारा बागेतील ट्रॅक्टर हा काही अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील विषय नव्हे. तथापि त्याच्या मागच्या दोन चाकांमध्ये बसविलेल्या एका पेटीत आजच्या औद्योगिक व्यवस्थेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. या पेटीला ट्रान्सॲक्सल म्हणतात. गिअर, डिफरन्शियल आणि चाकांचे ॲक्सल हे सारे तीत एकाच आवरणात सामावलेले असते. यामुळे जागा वाचते, उत्पादनखर्चही कमी होतो. मात्र एक भाग बिघडला की सारी पेटी उघडावी लागते.

बिघाडाची सुरुवात बहुधा क्षुल्लक असते. ॲक्सल जेथे पेटीबाहेर पडतो तेथील रबरी सील कालांतराने कडक होऊन फाटते. तेल गळू लागते आणि धूळ आत शिरते. पुष्कळ ट्रान्सॲक्सलमध्ये सुयांसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग असून हे रोलर थेट ॲक्सलच्या पृष्ठभागावर फिरतात. साहजिकच बेअरिंगबरोबर ॲक्सललाही चर पडतात. मग चाक डगमगते, त्या हेलकाव्याने सील आणखी फाटते आणि झीजच झिजेला वाढवीत जाते.

यावरील उपाय कष्टाचा असला तरी अवघड नाही. तेल काढून चाके उतरवावयाची, ॲक्सलवरील गंज व चावीच्या खाचेच्या धारदार कडा कानशीने घासावयाच्या, पेटी उघडून जुने बेअरिंग दाबयंत्राने बाहेर काढावयाचे आणि ॲक्सलची झीज मायक्रोमीटरने मोजावयाची. ती नगण्य असेल तर नवे बेअरिंग व नवे सील पुरेसे होते. अधिक असेल तर ॲक्सल बदलावा लागतो, किंवा वेल्डिंगने भर घालून लेथवर मूळ मापास आणावा लागतो. अर्थात नुसती भर घालून भागत नाही. पृष्ठभाग पुरेसा कठीण नसेल तर रोलर तो पुन्हा खातात. दुरुस्ती ही जुगाड नसून धातूचे ज्ञान मागणारी विद्या आहे, हे येथे ध्यानात येते.

आता हिशेब पाहावा. बेअरिंग किंवा सील थोडक्या डॉलरांत मिळते; संपूर्ण नव्या ट्रान्सॲक्सलला शेकडो डॉलर पडतात. असे असूनही अनेक ग्राहकांना पेटीच बदलण्याचा सल्ला मिळतो, कारण पेटी उघडण्यात कारागिराचे जे तास जातात त्यांची मजुरी नव्या पेटीच्या किंमतीशी स्पर्धा करू लागते. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाट्यसंगीतादी कलांच्या संदर्भात जी मीमांसा केली, ती येथेही लागू पडते. कारखान्यात यंत्रांमुळे दर माणशी उत्पादन वाढत जाते. झिजलेला ॲक्सल काढण्यास मात्र पन्नास वर्षांपूर्वी लागत होता जवळजवळ तेवढाच वेळ आजही लागतो. मजुरी तर दोन्हीकडे वाढते. परिणामी वस्तू स्वस्त आणि दुरुस्ती महाग होत जाते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची पद्धतही या प्रवाहाला अडवीत नाही. गृहस्थाने शनिवार-रविवार आपल्या गॅरेजमध्ये खपून ट्रॅक्टर सुधारला तर त्याचे श्रम सकल उत्पादनात धरले जात नाहीत. त्याने तोच ट्रॅक्टर भंगारात घालून नवा घेतला, तर नव्याचे उत्पादन मात्र हिशेबात येते. जतन केलेल्या संपत्तीची नोंद नाही आणि टाकून दिलेल्या संपत्तीची भरपाई मात्र वाढ म्हणून गणली जाते, असा हा विचित्र ताळेबंद आहे.

ग्राहकालाच नवी वस्तू हवी असते, हा बाजाराचा कौल आहे, असे उत्पादक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दुरुस्तीचा खर्च ही निसर्गाने ठरवून दिलेली गोष्ट नव्हे. तिचा मोठा भाग कारखान्यातील आरेखनकार ठरवितो. तेल काढण्यास बूच ठेवावयाचे की नाही, सुटा भाग विकावयाचा की संपूर्ण जोडणीच घेण्यास भाग पाडावयाचे, हे निर्णय यंत्र विकले जाण्यापूर्वीच झालेले असतात. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचे उदाहरण बोलके आहे. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५. ही मापे जगभर एकच असल्याने हे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे चालते. प्रमाणीकरण हे दुरुस्तीचे खरे भांडवल होय. १९४६ मध्ये इंडियाना राज्यात सुरू झालेल्या व्हील हॉर्स कंपनीचे बिडाच्या पेटीचे जुने ट्रॅक्टर आजही हौशी माणसे उघडून चालू करतात. याउलट अलीकडच्या काही स्वस्त ट्रान्सॲक्सलना तेलाचे बूचदेखील नसते.

या प्रश्नाची दखल आता कायद्याने घेतली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काला प्रचंड बहुमताने कौल दिला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ च्या अहवालात, दुरुस्तीवरील निर्बंधांच्या समर्थनार्थ उत्पादक देतात त्या कारणांना फारसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला. फ्रान्सने तर २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले, आणि त्यांत विजेवर चालणारी गवत कापण्याची यंत्रेही आहेत. माहितीपत्रके, उघडण्याची सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता व त्यांची किंमत यांवर हे गुण ठरतात.

भारताने या चर्चेकडे परकी म्हणून पाहणे परवडणारे नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीयंत्रे होती. २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा जो अहवाल सादर झाला तो मात्र मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता होता. नाशिकच्या द्राक्षबागांत फवारणीसाठी फिरणारा छोटा ट्रॅक्टर हौसेचा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर केवड्याचा धोका असताना तो चार दिवस बंद पडला तर वर्षाचे पीक पणाला लागते. अशा वेळी सुटे बेअरिंग तालुक्याच्या गावी मिळणे आणि ॲक्सलला हात घालणारा टर्नर जवळ असणे, याचे मोल पैशांत सांगता येणार नाही.

आपल्याकडे दुरुस्तीची परंपराच आहे, मग कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही परंपरा बऱ्याच अंशी स्वल्प मजुरीवर उभी आहे, हे कटू सत्य नाकारून चालणार नाही. कारागिराचे वेतन वाढले पाहिजे आणि ते वाढेलही. त्या दिवशी दुरुस्ती परवडेनाशी होऊ नये, असे वाटत असेल तर यंत्राची रचनाच तिला अनुकूल असावयास हवी. शेतीयंत्रांना दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत, प्रत्येक बेअरिंग व सील प्रमाणित क्रमांकासह सुटे विकण्याचे बंधन घालावे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील फिटर-टर्नरांना अशा पेट्या उघडून शिकू द्यावे, या मागण्या अवाजवी नाहीत. चिमूटभर झिजेपायी मणभर लोखंड भंगारात काढणे याला काटकसरीने वाढलेल्या समाजाने प्रगती म्हणण्याचे कारण नाही.