गड, सिंह आणि कमलकुमारी

१/ बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३चा. ‘प्रभात’चा त्याच नावाचा बोलपट १९३३चा. दोहोंचा आधार एकच : हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी.

२/ उदयभानूच्या तावडीत सापडलेली कमलकुमारी याच कादंबरीतली. तानाजी मालुसरे १६७०मध्ये पडले. त्यानंतर सुमारे पाव शतकाने लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत कोंढाण्याचे युद्ध आहे, उदयभान आहे, कमलकुमारी मात्र नाही.

३/ महाराजांचे उद्गारही तेथे निराळे आहेत. त्यांत सिंह नाहीच. एक गड हाती आला, पण दुसरा हातचा गेला, असा त्यांचा आशय. तो दुसरा गड म्हणजे तानाजी.

४/ दोष कादंबरीकाराचा नाही. कल्पना हा त्याचा अधिकारच. दोष पडद्यावर पाहिलेले इतिहास म्हणून पाठ करणाऱ्यांचा. त्या पाठांतरात बखरीतली अधिक थोर उपमा हरवली. पुरंदरच्या तहात कोंढाण्यासह २३ किल्ले गमावलेल्या राजाने एका माणसाला गडाच्या तोलाचे मानावे, याहून मोठा गौरव कोणता?