‘सक्सेस’चं सगळं कुटुंब

दहावी-बारावीचा निकाल जवळ आला, की फॅमिली ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. त्यात एक मेसेज हमखास असतो, ‘यू विल सक्सेस!’ भावना खरी, पण वाक्य लंगडं. ‘सक्सेस’ म्हणजे यश, ते नाम आहे. ‘तू यश’ म्हटल्यासारखंच झालं की हे! इथे क्रियापद हवं, ‘सक्सीड’. म्हणून ‘यू विल सक्सीड’. विशेषण वापरायचं तर ‘यू विल बी सक्सेसफुल’. पुढे कशात यश मिळालं ते सांगताना ‘टू पास’ म्हणू नका. ‘शी सक्सीडेड इन पासिंग द एक्झाम’ असं ‘इन’ आणि ‘आयएनजी’ घ्या.

स्पेलिंगमध्ये सी दोनदा, एसही दोनदा. ‘सक्सेसफुल’च्या शेवटी मात्र एकच एल. ‘सक्सेसफुली’ म्हणजे यशस्वीपणे, तिथे दोन.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. गंमत पुढे आहे. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘पाठोपाठ येणं’. कामापाठोपाठ जे येतं तो परिणाम, आणि चांगला परिणाम म्हणजे यश. पण ‘पाठोपाठ येणं’ हा जुना अर्थही इंग्रजीने सोडला नाही. त्यामुळे या घराची दुसरी शाखा आहे, तिचा यशाशी काही संबंध नाही.

‘प्रतिभा पाटील सक्सीडेड अब्दुल कलाम ॲज प्रेसिडेंट इन २००७’ हे वाक्य वाचून कुणी कुणाला हरवलं असं समजू नका. कलामांनंतर त्या राष्ट्रपती झाल्या, एवढंच. त्या त्यांच्या ‘सक्सेसर’. ‘सक्सेसिव्ह’ म्हणजे लागोपाठ. बायोडेटात ‘थ्री सक्सेसिव्ह प्रोजेक्ट्स’ लिहिलंत, तर एकापाठोपाठ एक तीन प्रोजेक्ट केले असा अर्थ होतो. ते यशस्वी झाले हे सांगायचं असेल, तर ‘सक्सेसफुल’च लिहावं लागेल. एका शेपटीने अर्थ बदलतो.

याच शाखेतलं नाम ‘सक्सेशन’, म्हणजे वारसा. घरातलं माणूस गेल्यावर खात्यावर नॉमिनी नसेल, तर बँक ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ मागू शकते. मराठीत उत्तराधिकार प्रमाणपत्र. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ते न्यायालय देतं. ठेवी, शेअर्स, येणं असलेले पैसे यांसाठी ते लागतं; घर-जमिनीसाठी ते नसतं. तहसील कार्यालयातून मिळणारा वारस दाखला वेगळा, त्याला ‘लीगल हेअर सर्टिफिकेट’ म्हणतात. आधीच मन ठिकाणावर नसतं. त्यात काउंटरवर ऐकलेला शब्द नीट कळला नाही, तर माणूस भलत्याच कार्यालयात दोन-चार हेलपाटे मारतो. तेव्हा शब्द कागदावर लिहून मागा, त्यात लाज कसली?

आता चुलत घराणी बघा. ‘प्रोसीड’ म्हणजे पुढे जाणं. त्यातून ‘प्रोसेस’, आणि ‘प्रोसेशन’ म्हणजे मिरवणूक. ‘एक्सीड’ म्हणजे मर्यादा ओलांडणं. त्याचं नाम ‘एक्सेस’, विशेषण ‘एक्सेसिव्ह’. ‘रिसीड’ म्हणजे मागे सरणं, ओसरणं. मुलांची आवडती ‘रिसेस’ आणि मोठ्यांची झोप उडवणारं ‘रिसेशन’ ही दोघं याच क्रियापदाची भावंडं! एकात शाळा थोडा वेळ मागे सरते, दुसऱ्यात बाजार.

लिहिताना एक खूण ठेवा. या कुटुंबातली सक्सीड, प्रोसीड, एक्सीड ही तीनच क्रियापदं शेवटी ‘ई-ई-डी’ लावतात. रिसीडला ‘ई-डी-ई’. ‘कन्सीड’लाही तेच. हा कन्सीड क्रिकेटच्या बातम्यांत सारखा भेटतो, गोलंदाजाने किती धावा दिल्या ते सांगताना. देणं, सोडणं हा त्याचा अर्थ. आणि त्याचं नाम तुमच्या खिशात कधी ना कधी होतंच, कॉलेजच्या दिवसांत लोकलच्या किंवा एसटीच्या पासावर मिळालेलं ‘कन्सेशन’!