सनद संरक्षणाची आणि दफ्तर जिल्ह्याचे

युद्धकाळात नागरिकांच्या रक्षणासाठी राज्यसंस्था जे हुकूम काढते, त्यांच्या मुळाशी एक अनुच्चारित गृहीत असते. ते असे की, ज्याला उद्देशून हुकूम निघाला तो मनुष्य ऐकू शकतो, पाहू शकतो आणि वेळ येताच चालू लागू शकतो. भोंगा वाजला की तळघरात उतरावे, ठरल्या मुदतीत वस्ती रिकामी करावी, शिधा हवा असेल त्याने चौकातल्या रांगेत उभे राहावे, ही सारी फर्माने याच गृहीतावर निघालेली असतात. कर्णबधिराला भोंगा ऐकू येत नाही आणि चाकांच्या खुर्चीला जिना उतरता येत नाही, हे समजण्यास युद्धशास्त्राचे ज्ञान लागत नाही. तथापि युक्रेनमधील तळघरांनी २०२२ पासून आणि गाझामधील स्थलांतराच्या आज्ञांनी २०२३ पासून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एक, म्हणजे सुमारे १३० कोटी माणसे, लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात. एवढ्या मोठ्या समुदायाला अपवादाच्या सदरात टाकून केलेली व्यवस्था ही मुळात अपुरीच म्हटली पाहिजे.

कायद्याची वाण आहे, असे मात्र नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने जखमी व आजारी यांच्या जोडीला दुर्बलांनाही विशेष संरक्षण दिले, आणि वेढा पडलेल्या मुलखातून त्यांना बाहेर काढण्यासाठी युद्धमान पक्षांनी आपसांत तडजोड करण्याचा यत्न करावा, असे सांगितले. परंतु त्या करारातील दुर्बल मनुष्य हा दुसऱ्यांनी उचलून न्यावयाचा आहे. त्याला स्वतःचे काही म्हणणे असेल, ही कल्पना तेथे नाही. ती आली २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, ज्याच्या अकराव्या कलमाने सशस्त्र संघर्षात आणि आपत्तीत अपंगांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. पुढे २०१९ च्या एप्रिलमध्ये, अलेप्पो शहरात वाढलेली आणि चाकांच्या खुर्चीतून सीरिया ते जर्मनी असा निर्वासिताचा प्रवास केलेली नुजीन मुस्तफा ही तरुणी सुरक्षा परिषदेपुढे बोलली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये परिषदेने या विषयावरील २४७५ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला.

मग एवढी सनद हाती असता अपंग मनुष्य मागे का राहतो? कारण सनद राजधानीत लिहिली जाते आणि माणूस गल्लीत राहतो. मदतीला निघालेल्यास कोणत्या घरी कोण आहे आणि त्याला काय लागते, हेच ठाऊक नसते. जपानमध्ये २०११ च्या भूकंपात व त्सुनामीत अपंगांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण रहिवाशांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. अनेक नगरपालिकांच्या दफ्तरी साहाय्याची गरज असलेल्यांच्या याद्या होत्या. परंतु खाजगी माहिती उघड होऊ नये या सबबीखाली त्या मदतनिसांच्या हाती पडल्या नाहीत. जपानने यावरून बोध घेतला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने अशी यादी ठेवणे नगरपालिकांवर बंधनकारक केले. शांततेच्या काळात ती संबंधिताच्या संमतीने मदतनिसांस द्यावी आणि जिवावरच्या प्रसंगी संमतीवाचूनही देता यावी, अशी तजवीज केली.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो हलका लेखण्याजोगा नाही. यादी ही तारक असते तशी मारकही असते. १९३९ साली जर्मनीच्या नाझी राजवटीने इस्पितळांकडे व आश्रमांकडे छापील प्रश्नावल्या धाडून रुग्णांची माहिती गोळा केली, वैद्यांनी माणूस न पाहता केवळ कागदावरून त्याच्या मरणाचा निर्णय केला, आणि १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून अधिक जीव विषारी वायूने घेण्यात आले. तेव्हा नोंद करा, एवढे म्हणून भागत नाही. नोंद कोण ठेवतो, कोणत्या हेतूने, आणि ज्याची नोंद आहे त्याच्या अनुमतीने की नाही, यावर तिचे पुण्यपाप ठरते. ज्या नोंदीत केवळ व्यंग लिहिले आहे ती माणसाला वर्गात कोंबते; मदतीला कोण येणार, कोणत्या दाराने नेणार, औषध कोणते, सांकेतिक भाषा जाणणारा कोण, हे जिच्यात लिहिले आहे ती नोंदच संकटसमयी कामी येते.

आपल्याकडे हे नव्याने ठरवावयाचे उरलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या आठव्या कलमात सशस्त्र संघर्षाचा स्पष्ट उल्लेख असून, जिल्ह्यातील अपंगांच्या तपशिलाची नोंद ठेवण्याची आणि त्यांना धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकलेली आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अपंगांची संख्या तीस लाखांच्या घरात आहे, आणि २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही उभा आहे. युद्धाने आलेले अपंगत्व महाराष्ट्राला अनोळखी नाही. १९६५ च्या रणांगणावर जायबंदी होऊन १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणाचे सुवर्णपदक मिळविणारे मुरलीकांत पेटकर आपलेच. जखमी सैनिकाविषयीचा हा आदर योग्यच आहे. परंतु युद्धाच्या आधीपासून अपंग असलेला नागरिक त्या आदराच्या परिघाबाहेर राहता कामा नये. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली तेव्हा भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. अशा तालमीच्या अहवालात, ज्यांना भोंगा ऐकू येत नाही त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत इशारा पोहोचला, याचा रकाना असलाच पाहिजे.

संकटाच्या घाईत एकेकाचा विचार करण्यास सवड नसते, असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. म्हणूनच तो विचार सवडीच्या दिवसांत, अपंगांना सोबत बसवून, करावयाचा असतो. या कामाला नवा कायदा नको, फार मोठा पैसाही नको. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आपल्या जिल्ह्याची ही नोंद वर्षातून एकदा अपंगांच्या प्रतिनिधींसमोर तपासावी, तिच्यातील दोष त्यांच्याच तोंडून ऐकून दुरुस्त करावेत, आणि जेथे नोंदच झालेली नाही तेथे हयगयीचा जाब शासनाने लेखी मागावा.