बाळंतपणाच्या खोलीत कोण असते?

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी करायचे, हा आपल्या वऱ्हाडातला रिवाज अजून टिकून आहे. सातवा महिना लागला, डोहाळजेवण आटोपले, की मुलगी घरी येते आणि दवाखान्याची चौकशी सुरू होते. डॉक्टरीणबाई कशा आहेत, सिझेरियनचे किती घेतात, स्वतंत्र खोली मिळते का, रक्तपेढी किती लांब आहे, हे सगळे आपण विचारतो आणि विचारायलाच हवे. मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळाच्या प्रॅक्टिसमध्ये एक प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. रात्री कळा सुरू झाल्यापासून पहाटेपर्यंत मुलीजवळ कोण राहणार, आणि त्या बाईचे शिक्षण काय? यावर उत्तर ठरलेले असते : "डॉक्टर मोठा हाय, मंग बाकीचं काय पाहाचं?"

वाचकहो, बाकीचेच पाहायचे असते. पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात. एवढा वेळ कोणताही डॉक्टर उशाशी बसून राहत नाही. बाळाचे ठोके मोजणे, आईची नाडी व रक्तदाब पाहणे, पिशवीचे तोंड किती उघडले ते तपासणे, बाळंतपणानंतर अंगावरून किती जाते यावर लक्ष ठेवणे, ही कामे तिथली सिस्टर करते. डॉक्टरांना केव्हा बोलवायचे, हेही बहुधा तीच ठरवते. डॉक्टर कितीही निष्णात असले, तरी त्यांना निरोप उशिरा गेला तर त्यांच्या ज्ञानाचा उपयोग काय?

आता ही सिस्टर कोण? दोन वर्षांचा ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम, नाहीतर बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेली बाई ही खरी परिचारिका. पण आपल्या तालुक्याच्या गावांत, आणि अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतही, अनेक खाजगी दवाखान्यांत दहावी-बारावी झालेल्या मुली 'पाहून-पाहून' शिकतात आणि वर्षभरात सिस्टर म्हणवल्या जातात. त्या मुलींना मी दोष देत नाही. घरची गरज असते, पगार तुटपुंजा असतो, आणि पुष्कळ जणी मनापासून राबतात. दोष आहे तो त्यांच्या हाती एका वेळी दोन जीव सोपवणाऱ्यांचा, आणि त्यात आम्ही डॉक्टर मंडळी पुढे आहोत.

याविषयी कायदा नाही, असे नाही. आपल्या राज्यातला शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ सालचा आहे. प्रसूतिगृहात पात्र सुईण नसेल तर नोंदणी नाकारता येते, अशी तरतूद त्यात आहे. इथे सुईण म्हणजे गावातली जुनी सुईण नव्हे, तर शिकलेली व नोंदणी झालेली सुईण. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका अधिनियम आला. इंग्लंडमध्ये तर सुईणींचा कायदा १९०२ सालीच झाला आणि १९१० पासून नोंदणीवाचून पैसे घेऊन बाळंतपणे करण्याचा धंदा तिथे बंद करण्यात आला.

आपल्याकडे गाडी कुठे अडली, ते समजून घेण्यासारखे आहे. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून 'डफरीन' म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. ही दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर, परिचारिका व शिकलेल्या सुईणी मिळाव्यात म्हणून निधी उभारला. तरी १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा साऱ्या देशात शिकलेल्या सुईणी होत्या फक्त ५,०००, म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. स्वातंत्र्यानंतर ए.एन.एम. तयार झाली, ती प्रामुख्याने बाळंतपणासाठी. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर ती 'बहुउद्देशीय' झाली. अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला, आणि कुटुंबनियोजन, लसीकरण व रजिस्टरे यांच्या ओझ्याखाली बाळंतपणाचे शिक्षण मागे पडले. नंतर अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला, पण कामाची यादी काही कमी झाली नाही.

मोठ्या रुग्णालयातही तेच. जी.एन.एम. झालेल्या परिचारिकेच्या नोंदणीत परिचारिका आणि सुईण अशी दोन्ही नावे असतात. आज ती प्रसूतिकक्षात, सहा महिन्यांनी अस्थिरोग विभागात, मग अतिदक्षता विभागात. कळा ओळखणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. तो तयार होण्याआधीच तिची बदली होते.

कामाची प्रमाणके म्हणजे काय, हे दोन उदाहरणांनी सांगतो. पहिले उदाहरण पार्टोग्राफचे. कळांची प्रगती, बाळाचे ठोके आणि आईची तब्येत एकाच कागदावर आलेखाने मांडायची ही पद्धत आहे. रेघ ठरलेल्या वाटेवरून सरकली, की बाळंतपण अडते आहे हे नजरेला दिसते आणि वरच्या दवाखान्यात पाठवण्याचा निर्णय वेळेत घेता येतो. दुसरे उदाहरण कळांच्या इंजेक्शनचे. ऑक्सिटोसिन हे औषध बाळ जन्मल्याबरोबर दंडात किंवा मांडीत १० युनिट दिले, तर रक्तस्राव रोखून आईचा जीव वाचवते. तेच औषध बाळ जन्मण्याआधी कळा वाढाव्यात म्हणून घरी, देखरेखीवाचून टोचले, तर गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. औषध एकच, वेळ चुकली की घात. खेड्यापाड्यांतून 'कळाचं इंजेक्शन' टोचणारे लोक अजून आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मेळघाटातल्या दाईविषयी थोडे वेगळे बोलले पाहिजे. कोरकू पाड्यावरची दाई बाळंतिणीची भाषा बोलते, तिला आपल्या हाताने पेज पाजते, रात्रभर पाठ चोळते. पावसाळ्यात नाले भरतात, आणि धारणीपासून अमरावती तर दीडशे किलोमीटरच्या घरात. अशा ठिकाणी तिला हिणवणारा माणूस मेळघाटात कधी गेला नसावा. पण वार अडकली, रक्त थांबेना, झटके आले, तर तिच्याजवळ उपाय नाही. म्हणून डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष आहे (मैदानी भागात ५,०००). त्या उपकेंद्रात राहणारी, शिकलेली नर्स आणि पाड्यावरची दाई यांची जोडी जमली पाहिजे. दाईने बाळंतिणीला धीर द्यावा व सोबत यावे, नर्सने बाळंतपण करावे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू नर्सच्या अधिकाराची आहे आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका उपकेंद्राच्या नर्सबाईंनी नवव्या महिन्यातल्या एका मुलीचे डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून रक्तदाब पाहिला. तो १७०/११० निघाला आणि तेवढ्यात झटका आला. बाईंनी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, देऊन तिला गाडीत घालून पाठवले. आई-बाळ दोघे वाचले. तरीही ज्या रुग्णालयात तिला नेले, तिथल्या एका डॉक्टरांनी नर्सबाईंना फोनवर झापले, "तुला इंजेक्शन द्यायला कोणी सांगितलं?" वस्तुतः हा पहिला डोस देऊनच पुढे पाठवावे, असे केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत ए.एन.एम.साठी लिहिलेले आहे. बाई ते जाणत होत्या, डॉक्टर जाणत नव्हते. असे दोनदा बोलणे खाल्ले, की तिसऱ्या वेळी नर्स हात आखडता घेते, आणि त्याची किंमत बाळंतीण मोजते.

म्हणून नियमन म्हणजे निव्वळ बडगा, असे मी मानत नाही. काय करावे, काय करू नये आणि कोणत्या क्षणी पुढे पाठवावे, हे लेखी असले, की अर्धशिक्षितांना आळा बसतो आणि शिकलेलीला बळ मिळते. काही विपरीत घडले तर तिने भरलेला पार्टोग्राफच तिची साक्ष देतो. नाहीतर नातेवाइकांचा राग आणि डॉक्टरांचे बोट दोन्ही तिच्याकडेच वळतात.

सरकारची पावले या दिशेने पडली आहेत. २०१८ मध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अनुभवी परिचारिकांना दीड वर्षाचे खास शिक्षण देऊन साधी बाळंतपणे स्वतंत्रपणे त्यांच्याकडे सोपवण्याची कल्पना आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला. राष्ट्रीय व राज्य नोंदवही, व्यावसायिक वर्तनासाठी स्वतंत्र मंडळ आणि नोंदणीवाचून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशा तरतुदी त्यात आहेत. कागद उत्तम आहे, पण १९४९ चा कागदही वाईट नव्हता.

काही व्यवसायबंधू म्हणतील, नोंदणी झालेल्या नर्स मिळत नाहीत, मिळाल्या तर पगार परवडत नाही. अडचण खरी आहे. लहान गावात दवाखाना चालवणे सोपे नाही. पण भूलतज्ज्ञाशिवाय आपण सिझेरियन करत नाही, त्यांची फी परवडते का म्हणून विचारतही नाही. मग नैसर्गिक बाळंतपणातच काटकसर का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि २५.४ टक्के सिझेरियनने, म्हणजे चारातले एक. माता मृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. ही कमाई मोठी आहे. आता बाया दवाखान्यापर्यंत पोहोचल्या आहेत, तेव्हा तिथे त्यांच्या उशाशी कोण उभे असते, हे पाहण्याची वेळ आली आहे.

माझी सूचना साधी आहे. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. त्याच्याच शेजारी प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेचे नाव, शिक्षण व नोंदणी क्रमांक लावावा. खर्च एका फलकाचा. ज्यांच्याकडे शिकलेल्या नर्स आहेत, त्यांना तो फलक भूषणच वाटेल.

तोपर्यंत मुलीचे नाव दवाखान्यात घालताना आपण एवढे विचारावे :

१. रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स असते का? तिचे शिक्षण कोणते?

२. कळांच्या काळात पार्टोग्राफ भरतात का?

३. डॉक्टर किती वेळात पोहोचू शकतात?

४. गरज पडल्यास कोठे पाठवतात आणि गाडी कोणाची?

हे विचारताना संकोच करू नये, आवाजही चढवू नये. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आणि बाळ-बाळंतीण सुखरूप घरी निघाल्यावर डॉक्टरांना पेढे देतोच, तसा एक पेढा त्या सिस्टरच्या हातावर ठेवून तिचे नाव जरूर विचारा.